आयुष्याचे काम कसे ओळखावे : नवख्यांसाठी पायरीपायरीने

मी एका सहकारी बँकेत अठ्ठावीस वर्षे नोकरी केली आणि गेली काही वर्षे रविवारी सकाळी मोडी लिपीचा वर्ग घेतो. वर्गाला येणाऱ्या मंडळींपैकी काहींना घरातली जुनी कागदपत्रे वाचायची असतात, काहींना इतिहासाची ओढ असते; परंतु दर खेपेला तीन-चार जण असे असतात, की ज्यांना मोडीशी फारसे कर्तव्य नसते. चौथ्या-पाचव्या रविवारी चहा घेताना ते मूळ गोष्ट सांगतात. आयुष्यात आपल्याला नेमके काय करायचे आहे हे कळत नाही, म्हणून काहीतरी शिकून पाहावे असे त्यांना वाटलेले असते. त्यांत बारावी झालेली मुले असतात, तशीच घराचे हप्ते फिटत आलेली, पंचेचाळिशीतली माणसेही असतात. त्यांना वेळोवेळी जे सांगत आलो, ते येथे क्रमाने लिहून काढले आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरावा

आवड ‘शोधायची’ असते, ही समजूत अलीकडची आहे. आपली भाषा वेगळेच सांगते. मराठीत गोडी लागते, नाद लागतो, छंद जडतो, वेड लागते. हळद हाताला लागते तशी ही क्रियापदे आहेत. हळदीत हात घातल्याशिवाय ती लागत नाही आणि घरात बसून ‘मला कोणती हळद लागेल बरे’ असा विचार करण्यात अर्थ नसतो. या लेखातल्या पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

याला मानसशास्त्रातूनही दुजोरा मिळतो. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या तिघांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आवड ही जन्मजात आणि ठरलेली असते असे मानणारे विद्यार्थी आणि ती हळूहळू घडत जाते असे मानणारे विद्यार्थी यांची तुलना केली होती. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांविषयीची सोपी, रंजक चित्रफीत दाखवली आणि नंतर त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. आवड ठरलेली असते असे मानणाऱ्यांचा उत्साह अवघड भाग येताच अधिक घसरला. कारण उघड आहे. ज्याला वाटते की खऱ्या आवडीचे काम सोपे जाते, तो पहिली ठेच लागताच ‘हे आपले नव्हेच’ असे म्हणून उठतो.

दुसरा घोळ चार गोष्टींची सरमिसळ करण्यातून होतो. आवड म्हणजे जे करताना मन रमते ते. कसब म्हणजे जे हाताला बसले आहे ते. उपजीविका म्हणजे ज्यावर घर चालते ते. आणि ध्येय म्हणजे ज्याच्यासाठी आपण आपली आवड व कसब खर्ची घालू ते. या चारही गोष्टी एकाच कामात मिळाव्यात, अशी अपेक्षा घेऊन अनेक जण येतात. ‘इकिगाई’ या जपानी शब्दाखाली चार वर्तुळे एकमेकांना छेदताना दाखवणारे एक चित्र सर्वत्र फिरत असते, आणि ते पाहून वर्तुळांच्या मधल्या ठिपक्यात आपण नाही याचे दुःख करणारी माणसे मी पाहिली आहेत. ते चित्र मुळात जपानी नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश लेखकाने जीवनहेतूविषयी काढलेल्या वर्तुळांच्या मध्यभागी मार्क विन यांनी २०१४ मध्ये ‘इकिगाई’ हा शब्द घातला आणि ते जगभर पसरले. जपानी माणसाच्या बोलण्यात हा शब्द सकाळचा चहा, नातवंडे किंवा परसातली भाजी यांच्यासाठीही येऊ शकतो, आणि पैसे मिळण्याची अट त्याला नसते. तेव्हा त्या ठिपक्याची चिंता सोडून द्यावी. चारपैकी दोन गोष्टी एका कामात आणि उरलेल्या दोन दुसऱ्या कामात मिळाल्या, तरी संसार उत्तम होतो.

पहिली पायरी : तीस दिवसांची वही

शंभर पानांची साधी वही घ्यावी आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी तीत पाचपेक्षा अधिक ओळी लिहू नयेत. मोबाइलमध्ये लिहू नये, कारण तेथे लिहायला गेलेला माणूस दुसरेच काही पाहत बसतो.

लिहिण्यासाठी चार प्रश्न पुरतात. आज कोणी सांगितले नसताना मी काय केले? आज कोणाला काय समजावून सांगितले, किंवा लोक मला काय विचारायला आले? आज कोणाच्या कामाचा हेवा वाटला? आणि आज कोणता गलथानपणा पाहून ‘हे असे करायला हवे होते’ असे मनात आले? रोज चारही प्रश्नांना उत्तर मिळणार नाही. ज्याला मिळेल तेवढेच लिहावे.

लिहिताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. भावना लिहू नयेत, कृती लिहावी. ‘स्वयंपाक करताना छान वाटले’ या ओळीचा महिन्याने काहीही उपयोग होत नाही. ‘गोड्या मसाल्यात धण्याचे प्रमाण तीनदा बदलून पाहिले आणि तिन्ही चवी लिहून ठेवल्या’ ही ओळ मात्र बरेच सांगते, कारण तिच्यात रस स्वयंपाकापेक्षा प्रयोग करण्यात आणि नोंद ठेवण्यात आहे, हे दिसते. माझ्या वर्गातल्या एका बाईंना आपल्याला बागकामाची आवड आहे असे वाटत असे. वही वाचल्यावर असे निघाले, की खुरपणी आणि पाणी घालणे त्या शेजारच्या मुलाकडून करून घेत होत्या. स्वतः मात्र प्रत्येक कुंडीला नावाची पट्टी लावणे, फुलण्याच्या तारखा मांडणे आणि रस्त्यावरच्या अनोळखी झाडाचे पान घरी आणून त्याचे नाव शोधणे यांत तासचे तास घालवत होत्या. त्यांची आवड वनस्पती ओळखण्याची होती. बागकामाचे वर्ग लावले असते तर त्या महिनाभरात कंटाळल्या असत्या.

हेव्याचा प्रश्न लिहायला बहुतेकांना संकोच वाटतो. वही कोणी वाचणार नाही, तेव्हा संकोच सोडावा. हेवा हा वाईट गुण असेल, पण साक्षीदार म्हणून तो प्रामाणिक आहे. ज्याचे आपल्याला काहीच वाटत नाही, त्याचा कोणी हेवा करत नाही. फक्त हेवा कामाचा आहे की त्या माणसाच्या गाडीचा, एवढे तपासून घ्यावे.

तीस दिवस झाले की लाल पेन्सिल घेऊन वही एका बैठकीत वाचावी आणि पुन्हा पुन्हा आलेल्या क्रियापदांखाली रेघ मारावी. जुळवणे, दुरुस्त करणे, समजावणे, मोजणे, सजवणे, भांडून न्याय मिळवून देणे, माणसे एकत्र आणणे अशी ती क्रियापदे असतील. विषय बदलत राहतात, क्रियापदे सहसा बदलत नाहीत. याच सुमारास आई, आत्या, मोठा भाऊ यांच्यापैकी कोणाला तरी आपण लहानपणी एकटे असताना काय करत होतो हे विचारावे. मात्र नातेवाइकांच्या आठवणी कौतुकाने फुगलेल्या असतात, हे ध्यानात ठेवून.

येथे कलचाचणीविषयी कोणीतरी विचारतेच. महाराष्ट्र राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची अशी चाचणी घेतली होती, आणि खासगी समुपदेशकांकडेही ती घेता येते. अशा चाचणीतून कल कळतो, म्हणजे पाणी कोणत्या बाजूला उतरते ते कळते. विहीर कोठे खणायची ते कळत नाही. चाचणी दिली असेल तर तिचा निकाल वहीशेजारी ठेवून वाचावा, आणि दोहोंत विरोध दिसला तर वहीवर विश्वास ठेवावा.

दुसरी पायरी : हात घालून पाहणे

वहीतून जास्तीत जास्त तीन दिशा निवडाव्यात आणि एका वेळी एकाच दिशेला सहा आठवडे द्यावेत. आठवड्याला तीन-साडेतीन तास, म्हणजे एकूण वीस तासांच्या आसपास, एवढा संपर्क गोडी लागते की नाही हे कळण्यासाठी बहुधा पुरतो. दोन तासांच्या कार्यशाळेने कळत नाही, कारण कार्यशाळा घेणाऱ्याने कंटाळवाणा भाग आधीच काढून टाकलेला असतो.

सहा आठवडे संपेपर्यंत कोणतेही साधन विकत घेऊ नये. आपल्या घरांच्या माळ्यांवर हौसेने आणलेले तबले, कॅमेरे, शिवणयंत्रे आणि तैलरंगांच्या पेट्या इतक्या पडून आहेत, की मागून आणले तरी एका गावाची हौस भागेल. खरेदी केली की काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि प्रत्यक्ष काम मागे पडते.

जायचे कोठे, हा प्रश्न मोठ्या शहरांत सोपा आहे. पक्षी, कीटक, वनस्पती यांकडे ओढा असेल तर मुंबईत १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे आणि तिच्या निसर्गभ्रमंतीत नवख्यांना सामावून घेतले जाते. आकाशनिरीक्षणासाठी पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. विज्ञान सोपे करून सांगण्याची हौस असणाऱ्याने मराठी विज्ञान परिषदेकडे जावे. ती १९६६ पासून काम करते आणि तिच्या शाखा अनेक गावांत आहेत. इतिहासाच्या कागदपत्रांसाठी १९१० मध्ये स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. शिक्षण अर्धवट राहिले असेल आणि ते पुन्हा सुरू करून पाहायचे असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. लहान गावात यांपैकी काहीच नसते, परंतु तालुक्याचे वाचनालय, हौशी नाटकमंडळ, भजनी मंडळ, सुताराचे दुकान, रोपवाटिका आणि शाळेची प्रयोगशाळा एवढ्या जागा बहुतेक ठिकाणी असतात. ‘सहा आठवडे शनिवारी येऊन फुकट मदत करतो, मला काम पाहू द्या’ असे सांगितल्यावर सरळ नाही म्हणणारी माणसे मला फार थोडी भेटली.

तेथे गेल्यावर जाणकाराला एकच प्रश्न आवर्जून विचारावा : या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता, आणि तुम्ही तो कसा काढता? ‘यात कंटाळा असा नाहीच’ असे उत्तर आले, तर त्या माणसाने काम फार दिवस केलेले नाही, असे खुशाल समजावे.

तिसरी पायरी : कंटाळ्याची परीक्षा

माझ्या मते सगळा निकाल या पायरीवर लागतो, म्हणून येथे जरा रेंगाळतो.

मोडी लिपी पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांना आवडते. आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे लोंबकळत लिहीत जायची, यात एक गंमत आहे. तिसऱ्या आठवड्यात खरे कागद समोर येतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, प्रत्येक लेखनिकाचे वळण निराळे असते, आणि तारीख सुहूर सन या जुन्या कालगणनेत असते, जी अरबी अंकनामांतून ओळखून तीत ५९९ किंवा ६०० मिळवावे तेव्हा इसवी सन हाती येतो. एक ओळ लावायला अर्धा तास लागतो आणि अर्ध्या तासानंतर कळते, की ती ओळ म्हणजे नुसता मायना होता. याच रविवारी वर्ग निम्मा होतो. उरलेल्यांना हा अर्धा तास गोड लागतो असे मुळीच नाही. तेही कंटाळतात, पण पुढच्या रविवारी येतात. चुकलेले अक्षर त्यांना आठवडाभर टोचत राहिलेले असते, आणि मला हवी असलेली खूण ती टोचणीच आहे.

सलीम अली यांचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते, आणि ते सांगताना लोक बहुधा त्याचा सोपा अर्धाच भाग सांगतात. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी ओळखता न आल्यामुळे मामांनी त्यांना नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले, तेथे सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि आयुष्याची दिशा ठरली, असे सांगून लोक थांबतात. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत काय झाले, ते शिकण्यासारखे आहे. महाविद्यालय अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यासाठी गेले, तो धंदा चालला नाही, परत येऊन त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले, १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले, पुढे बर्लिनमध्ये पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली ते शिकले, आणि १९३० मध्ये परतल्यावर कळले की पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झाली आहे. वय चौतिशीला आले होते, हाती नोकरी नव्हती.

तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात त्यांनी ती दिवसच्या दिवस न्याहाळली. कोणते घरटे कोणत्या नराने विणायला घेतले, मादी कधी आली, तिने ते पसंत केले की नाही, याच्या नोंदी ते ठेवत गेले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन पाहते, तिने पसंत केले तर तो ते पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या घरट्याला लागून दुसरी मादी मिळवतो, हे या निरीक्षणांतून स्पष्ट झाले आणि त्यांचे नाव पक्षिशास्त्रात झाले. एकाच झाडाकडे पाहत बसणे हे बाहेरून पाहणाऱ्याला रिकामटेकडेपणाचे वाटले असणार. परंतु चिमणीने जे केले नाही, ते या सुगरणींनी केले असे मला वाटते. चिमणीने कुतूहल जागे केले, आणि कुतूहल कंटाळ्याला पुरून उरते की नाही, याची परीक्षा किहीमला झाली.

तुमच्या सहा आठवड्यांच्या शेवटी वहीत एवढेच लिहावे : यातला कंटाळवाणा भाग मी किती वेळा टाळला, आणि टाळल्यानंतर त्याकडे आपणहून परत गेलो का? आपणहून परत गेला असाल तर ते काम पुढे वर्षभर चालू ठेवावे. गेला नसाल तर मनाला लावून न घेता दुसऱ्या दिशेकडे वळावे. प्रतिभा आहे की नाही, हा प्रश्न या टप्प्यावर विचारूच नये. वीस तासांत ती कोणाचीच दिसत नाही.

चौथी पायरी : सोबत

एकट्याने चालू ठेवलेली गोष्ट पहिल्या आजारपणात किंवा पहिल्या लग्नसराईत सुटते. आठवड्यातून एकदा भेटणारा एक जोडीदार आणि महिन्यातून एकदा चुका दाखवणारे एक मोठे माणूस एवढे असले तरी पुरे. या पायरीविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. ती फक्त गाळू नये.

पाचवी पायरी : आवडीतून ध्येयाकडे

आवड स्वतःपुरती असते. ध्येयात दुसरे माणूस येते, आणि ते बहुधा न बोलावता येते.

मी मोडी शिकलो ते निव्वळ हौसेने. आजोबांच्या ट्रंकेत कापडात गुंडाळलेला कागदांचा एक रुमाल होता आणि त्यात काय आहे याचे कुतूहल होते. दहा वर्षे मी माझ्यापुरते वाचत होतो. मग एके दिवशी बँकेतल्या शिपायाचे चुलते एक जीर्ण खरेदीखत घेऊन आले. बांधाचा वाद होता आणि घरात कोणालाच तो कागद वाचता येत नव्हता. मी तो वाचून दिला, तेव्हा त्यात त्यांच्या आजीचे नाव निघाले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कागद कपाळाला लावला. पुढे त्यांच्या गावाहून आणखी माणसे आली. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे सगळ्या महाराष्ट्राला कळले. हौसेचे ध्येय झाले ते अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे. मी बसून ठरवले असते तर मला ते सुचले नसते.

म्हणून वर्षभर टिकलेल्या आवडीच्या बाबतीत वहीत एक नवे पान उघडावे आणि त्यावर ‘हे कोणाच्या उपयोगी पडले’ असा मथळा द्यावा. महिन्यातून एकदा तरी आपले काम परक्या माणसासमोर न्यावे. गाणाऱ्याने वृद्धाश्रमात गावे, हिशेबात रमणाऱ्याने बचतगटाची वही तपासून द्यावी, वनस्पती ओळखणाऱ्याने शाळेच्या आवारातल्या झाडांना पाट्या लावाव्यात. काही महिन्यांनी त्या पानावर एकाच प्रकारच्या गरजेची नोंद वारंवार दिसू लागते. तेथे थांबून नीट पाहावे.

कधीकधी क्रम उलटा असतो, म्हणजे गरज आधी भिडते आणि कसब नंतर तिच्यामागे जाते. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, विवाह केला आणि त्यामुळे आलेला सामाजिक बहिष्कारही भोगला. विधवांची दशा त्यांनी अशी घरातून पाहिली होती. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली, १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याला झोपडीत आश्रम गेला, आणि महिला विद्यापीठ निघाले ते १९१६ मध्ये, कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे असताना. गणिताचा मास्तर म्हणून लागलेली काटेकोर हिशेबाची सवय आणि पै-पै जमवण्याची चिकाटी त्या संस्थेला उपयोगी पडली. तेव्हा ज्यांना ‘माझी अशी काही आवडच नाही’ असे वाटते, त्यांनी वहीतल्या चौथ्या प्रश्नाकडे, म्हणजे ज्या गोष्टीचा राग येतो तिच्याकडे, पुन्हा एकदा जावे. राग येऊनही ज्याविषयी आपण फक्त बोलतो ते सोडून द्यावे. ज्याविषयी एखाद्या दिवशी उठून काही केलेले असेल, ते धरून ठेवावे.

सहावी पायरी : पोटोबा आणि विठोबा

आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण या विषयाला तंतोतंत लागू पडते, तरी ‘मनाचे ऐका आणि नोकरी सोडा’ असा सल्ला देणारे उदंड आहेत. कर्वे १९१४ पर्यंत महाविद्यालयात शिकवत राहिले आणि पुण्याहून हिंगण्याला पायी जाऊन आश्रमाचे काम पाहत राहिले. नोकरी ही ध्येयाची शत्रू असते असे मला दिसलेले नाही. पुष्कळदा ती त्याची आश्रयदाती असते.

नोकरी सोडायचीच असेल तर तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. घरखर्च, हप्ते, विमा आणि आईवडिलांची औषधे धरून निदान वर्षभराची शिल्लक बाजूला आहे का. नव्या कामाचे पैसे एकदा तरी परक्या गिऱ्हाइकाने आपणहून दिले आहेत का. आणि घरातल्या माणसांनी आकडे पाहून होकार दिला आहे का. होकार उत्साहाच्या भरात मिळालेला नसावा. आकडे दाखवून मिळवावा, म्हणजे पुढे बोल लागत नाही.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण म्हणून दादासाहेब फाळके यांच्याकडे बोट दाखवले जाते, आणि त्यांनी विमा तारण ठेवून, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने मोडून १९१३ मध्ये पहिला मूकपट काढला, हे खरेच आहे. पण त्याआधी त्यांनी केलेली तयारी कोणी सांगत नाही. जे. जे. कलाशाळेत चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, गोध्र्याला फोटोचा धंदा, पुरातत्त्व खात्यात नोकरी, जादूचे प्रयोग आणि मग छपाई, असे चाळिशीपर्यंतचे त्यांचे आयुष्य पाहिले तर कोणीही त्यांना धरसोड वृत्तीचा माणूस म्हणाले असते; प्रत्यक्षात यातले जवळजवळ प्रत्येक कसब चित्रपटात कामी आले. शिवाय भांडवल मागण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याचे रोप उगवतानाचे चित्रण थोडे थोडे करून एक छोटी फीत तयार केली आणि ती लोकांना दाखवून आपल्याला हे जमते हे सिद्ध केले. मोठी उडी घेणाऱ्यानेही आधी कुंडीत करून पाहिले होते. त्यांची अखेरची वर्षे नाशिकला आर्थिक ओढाताणीत गेली, हेही नवख्याला सांगितलेच पाहिजे.

ज्यांना सवडच नाही

आवड असली की सवड मिळते असे म्हणतात. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, किंवा ज्या बाईंचा दिवस पहाटे पाच ते रात्री अकरा घरच्यांच्या वेळापत्रकावर चालतो, त्यांना ही म्हण ऐकवू नये. त्यांनी वेगळा वेळ काढण्याच्या मागे न लागता, जे काम करावेच लागते त्यातच दिशा शोधावी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. घरची शेती करता करताच त्यांनी देशी वाणांचे बियाणे जपायला सुरुवात केली, त्याची बियाणे बँक उभी राहिली, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. त्यांच्या कामासाठी लागणारी माती, पिके आणि हंगाम आधीच त्यांच्या दिनक्रमात होते. सवड नसलेल्यांनी पहिल्या पायरीची वही रोज न लिहिता आठवड्यातून एकदा लिहिली आणि दुसरी पायरी सहा आठवड्यांऐवजी सहा महिने चालवली, तरी काही बिघडत नाही.

वर्षाकाठी एकदा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी जुनी खातेवही मिटवून नवीची पूजा करतात. मी त्याच संध्याकाळी ही वही काढतो. वर्षात कोणत्या कामाला सुमारे किती तास दिले, त्यासाठी किती परकी माणसे दारात आली आणि कोणता कंटाळवाणा भाग मी अजूनही टाळतो आहे, एवढे तीन आकडे-मजकूर मांडले की अर्ध्या तासात हिशेब होतो. ज्या कामाच्या नावावर दोन वर्षे काही जमा नसेल, त्याचे खाते बंद करावे; त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि बंद केलेले खाते पुन्हा उघडता येते. गेल्या दिवाळीत मी ताम्रपटांच्या अभ्यासाचे पान बंद केले. दोन वर्षांत त्यावर अकरा तासांची नोंद होती, आणि त्यांतले सात तास पुस्तके विकत घेण्यात गेले होते.